मंगलने दिलेला निरोप

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. त्याला मी दिवसभराचं सगळं सांगते, तो ऐकल्यासारखं करतो, तेवढ्यावर आमचं बरं चाललंय. पण हे – हे तोंडापर्यंत आलं की मी चहा टाकायला उठते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही सरांना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

आमचे गणिताचे सर मागच्या श्रावणात गेले. केजजवळच्या आमच्या गावात दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही ट्रकमध्ये. सर सायकलवर दारोदार फिरायचे. लेकरू आजीपाशी ठेवा, मी बघतो त्याच्याकडं, म्हणून हात जोडायचे. लोक वैतागायचे, वाट्टेल ते बोलायचे. सर आपले तिथंच ओट्यावर बसून. शेवटी बाप कंटाळून पोराला खाली उतरवायचा. मीही तशीच उतरवलेली. आज त्याच शाळेत शिकवते. सर नसते तर माझ्या हातात खडूऐवजी कोयता असता, असं मी शोकसभेत बोलले. लोकांनी डोळे पुसले.

मंगलचं नाव मात्र काढलं नाही.

मंगल दहावीत माझ्या बाकावर बसायची. कायम पहिली. मी कायम दुसरी. भूमितीचं प्रमेय ती फळ्यावर सोडवायला लागली की सर बाजूला होऊन नुसते बघत राहायचे. माझ्याकडं तसं कोणी कधी बघितलं नव्हतं – तेवढंच जरा खुपायचं. जरा? बघा, अजूनही मी हातचं राखूनच बोलतेय. लई जळायचे मी तिच्यावर.

त्या दिवाळीत तिनं मला हापशावर गाठलं. ऊसतोडीला जायच्या आधी घरचे तिचं लग्न उरकणार होते – मांजरसुंब्याजवळ, मामाच्या गावी, चार माणसांत, कुणाला कळू न देता. तिला घराबाहेर पडू देत नव्हते, पाण्याला तेवढं पाठवलं होतं. माझं मनगट धरून म्हणाली, "सुमे, सरांना सांग. सर आले की आबा ऐकतेत." मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच आमच्या दारात. मंगलच्या घराला कुलूप दिसतंय, कुठं गेले सगळे?

आता इथं – थांबा जरा. मी घाबरले होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तिचे आबा तापट, गावात बोभाटा झाला असता, वगैरे. खोटं आहे ते. सर दारात उभे होते आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं, की ती नसली तर पहिली मी.

"कारखान्याला गेले की सर. मंगलपण गेली."

सरांनी का विश्वास ठेवू नये? त्या दिवसांत अर्धं गाव तिकडंच गेलेलं असायचं.

सर त्याच संध्याकाळच्या एसटीनं निघाले. कारखान्यावरच्या तोडकऱ्यांच्या झोपड्या-झोपड्यांत मंगलला हुडकत फिरले. शेवटी एका मुकादमानं सांगितलं, ते अजून आलेच न्हाईत, मांजरसुंब्याकडं पोरीचं लगीन लावून येणार हायत, आजच हाय लगीन. तिथून मांजरसुंबा दिवसभराच्या वाटेवर. काय करणार होते ते?

परत आले तेव्हा चेहरा पार उतरलेला. मला म्हणाले, तुला तरी काय ठाऊक असणार, पोरी, मीच आधी नीट चौकशी करायला पाहिजे होती. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडतेय.

दहावीला मी पहिली आले. सर पेढे घेऊन घरी आले. मी खाल्ला. गोडही लागला.

पुढं रिटायर झाल्यावरही कधी भेटले की मध्येच म्हणायचे, मंगलच्या वेळी माझ्याकडून उशीर झाला. आणि मी काय म्हणायचे? सर, चहा घ्या.

शोकसभेनंतरच्या बाजाराला केजमध्ये मंगल दिसली. मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. ऊस वाहून कंबर गेलेली, केस माझ्याआधी पिकलेले. सर गेले, म्हटलं. ती भाजीवर पाणी शिंपडतच राहिली.

"ऐकलं. तुमच्यासाठी लई चांगले असतील," ती म्हणाली. "अंगाला हळद लावून मी दिसभर वाटंकडं बघत बसलते. तू तर निरोप दिलता. आले का?"

तिला अजून वाटतं, मी निरोप दिला. तिला अजून वाटतं, सर निघालेच नाहीत. खरं काय ते सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी नाही – आणि मी मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आले.