बाद झालेली पंधरा मिनिटं

माझी मावशी उड्डाणपुलाच्या पायथ्याशी स्टुलावर बसून वाहतूक मोजायची. एका हातात गाड्यांसाठी अंगठ्याने दाबायचं खटक्याचं मोजयंत्र, दुसऱ्या हातात चालणाऱ्यांसाठी. दर पंधरा मिनिटांनी आकडे तक्त्यात. त्यावरून दहा वर्षांनंतरच्या गर्दीचा अंदाज बांधायचा होता. चालणारे तासाला सहाशेच्या वर भरले तर पादचारी पूल, नाहीतर गाड्यांना आणखी एक पट्टा. माझी आई, तिची धाकटी बहीण, रोज इथूनच रस्ता ओलांडून कपडे धुण्याच्या कारखान्यात जायची.

तक्त्याचा एक नियम होता. अपघात झाला की ती पंधरा मिनिटं बाद.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कारखान्याची पाळी बदलताना, ट्रकने एका हमालाला उडवलं. त्याचं डोकं दुभाजकावर फुटलं. लोकांनी ड्रायव्हरला केस धरून खाली ओढलं आणि हेल्मेटने तोंडावर मारलं. दात रस्त्यावर पडले, तरी मारतच राहिले. मावशीचे दोन्ही अंगठे चालूच होते.

दुपारी सर्वेक्षणाचे साहेब आले. तक्ता पाहून त्यांनी लाल पेन काढून तिच्यापुढे धरलं.

“तीन दिवसांत पाचवा अपघात? ही पंधरा मिनिटंही खोडा.”

“गर्दी असते तेव्हाच माणूस मरतो, साहेब. गर्दीच खोडली तर उरलं काय?”

“नियम मी नाही केला, बाई.”

“मग एकदा ओलांडून दाखवा. तेवढाच एक आकडा वाढेल.”

साहेब हसले. मावशीने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना सरळ रस्त्यात ओढलं. टेम्पोचा आरसा साहेबांच्या कोपरावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. दोघं कडेला कोसळली. साहेबांनी दुसऱ्या हाताने तिच्या कानाखाली मारली, मग पुन्हा मारली. तिने मनगट सोडलं नाही.

“आता ही पंधरा मिनिटंसुद्धा खोडा,” ती म्हणाली.

साहेब कोपर धरून कडेला बसले आणि रस्त्याकडे पाहू लागले. समोरून कारखान्यातल्या बायका एकमेकींचे हात धरून धावत येत होत्या.

“उद्यापासून कामावर येऊ नका,” ते शेवटी म्हणाले.

“आणि तक्ते?”

“जातील तसेच. काही न खोडता.”

तक्ते तसेच गेले. चालणाऱ्यांची तासाची सरासरी सहाशे चाळीस भरली. पूल मंजूर झाला, पण खांब उभे राहायला वर्ष तरी जाईल म्हणतात. मावशीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सकाळी ती आईचा हात धरून तिला पलीकडे सोडते आणि एकटी परत येते.