एकतीस इंच की छत्तीस

टेपकाकांना मी विमानाची दोन तिकिटं विकली त्याला वर्ष होऊन गेलं, पण दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाने माझं डोकं इतकं खाल्लेलं नाही.

माझं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक टेबल, एक संगणक, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि उन्हाने अर्धा पिवळा पडलेला जगाचा नकाशा. काका त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. पहिल्यांदा तिकिटांची चौकशी करायला आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी माझी खुर्ची उलटी केली, खिशातून पाना काढून तिचा एक नट आवळला आणि मग बसले. त्यात नवल नव्हतं. सभागृहांत खुर्च्या बसवायचा त्यांचा धंदा. खुर्च्या बनवणारे वेगळे; काका त्या जमिनीला बोल्टने पक्क्या करतात. रांग सुतासारखी सरळ हवी, पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येता कामा नये आणि मधून माणसाला जाता आलं पाहिजे. या तीन गोष्टींवर त्यांनी चाळीस वर्षं धंदा केला. खिशात कायम मोजायची टेप, म्हणून टेपकाका.

काकांची उंची पाच फूट दोन इंच. काकू पाच फूट नऊ. काकू म्हणायची मला सवय नाही, कारण त्या आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि गावभर त्यांना अजूनही बाईच म्हणतात. त्या दुकानात आल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्यांचं लग्न ठरत होतं तेव्हा दोन्ही घरांतल्या मोठ्यांनी उंचीवरून नाकं मुरडली होती. काकांनी मात्र मुलगी पाहायला गेल्यावर ती बसलेली असताना अंदाज घेतला होता. बाईंची सगळी उंची पायांत. ते आपल्या वडिलांना म्हणाले, "बसल्यावर आम्ही सारखेच दिसतो. आणि माणूस आयुष्यात जास्त वेळ बसलेलाच असतो." खुर्चीवाल्याच्या तोंडी हे शोभलं, आणि लग्न झालं.

काकांच्या हयातीतला सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे आमच्या गावातल्या मोठ्या सभागृहाची एकविसावी रांग. तिथे आधी वीस रांगा होत्या, दोन रांगांमध्ये पाठीपासून पाठीपर्यंत चौतीस इंच. मालकाला आणखी एक रांग हवी होती आणि जागा तर रबराची नव्हती. काकांनी सगळ्या रांगा उखडल्या, प्रत्येकीतून पावणेदोन इंच काढले आणि जिथे काही नव्हतं तिथे अख्खी रांग उभी केली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं ते ज्याला-त्याला सांगत. पावणेदोन इंच म्हणजे काय, आगपेटीएवढी जागा.

तर असे हे काका माझ्यासमोर बसले होते. बाईंची धाकटी बहीण परदेशात राहते. एकोणीस वर्षं दोघी बहिणी एकमेकींना फक्त फोनवर भेटत होत्या. यंदा जायचंच, असं ठरलं होतं. प्रवास अकरा तासांचा, मध्ये उतरणं नाही. तिकिटं झाली, आणि मी सवयीने विचारलं की पाय पसरायला जास्त जागा असलेल्या सीट हव्यात का, थोडे पैसे जास्त पडतात.

काकांनी चष्मा वर केला. म्हणाले, "सीट तीच?"

मी म्हटलं, सीट तीच, फक्त पुढे मोकळी जागा जास्त.

"म्हणजे पैसे मोकळ्या जागेचे."

मी हो म्हटलं. जास्तीची रक्कम तिकिटाच्या जवळपास सहाव्या हिश्श्याइतकी होती. ती ऐकून काकांनी संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला आणि विमानाचा नकाशा असा काही वाचायला लागले की मला वाटलं आता त्यातही ते एक रांग घुसवणार. मग त्यांनी विचारलं की पाठीपासून पाठीपर्यंत किती. मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं तिकिटं विकते, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी कंपनीला फोन लावला. उत्तर आलं: साधी सीट एकतीस, जास्त जागेची छत्तीस.

काका गालातल्या गालात हसले. पाच इंच हवा विकतात आणि लोक घेतात, असं म्हणाले. स्वतः आयुष्यभर इंच-इंच हवा वाचवली, ती विकायची अक्कल आपल्याला सुचली नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत असावं. साध्या सीटच पक्क्या कर म्हणाले. मी म्हटलं, बाईंना तरी विचारा. ते वर गेले, पाच मिनिटांत परत आले. बाईंनी सांगितलं होतं की काही गरज नाही. सीट पक्क्या करायला मी दोन दिवस थांबते म्हटलं. बाईंचे पाय मी शाळेपासून पाहिलेत. त्या मैदानाच्या एका टोकाला उभ्या राहायच्या आणि चार ढांगांत दुसऱ्या टोकाला पोचायच्या.

काकांचं एक चांगलं आहे. ते ठाम असतात, पण मोजल्याशिवाय नाही. रविवारी सकाळी त्यांनी आपल्या कारखान्यात, म्हणजे इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या चार खुर्च्या काढल्या. दोन पुढे, दोन मागे, बरोबर एकतीस इंचांवर, खाली फळीला बोल्ट मारून. बाईंना म्हणाले, आपण इथे चार तास बसून बघू. अकराचा अंदाज चारात येतो. बाई विणकाम घेऊन आल्या. चहाचा थर्मासही आणला. मी खाली कपडे वाळत घालायला गेले होते तेव्हा दोघं पत्र्याच्या शेडमध्ये, समोर काहीही नसताना, नाटक बघायला आल्यासारखी शेजारी-शेजारी बसलेली मी पाहिली. काकांचे पाय जमिनीपासून जरा वरच होते. बाईंचे गुडघे पुढच्या खुर्चीच्या पाठीला चिकटलेले.

दर अर्ध्या तासाने काका विचारत, कसं वाटतंय. बाई म्हणत, छान. दोन तासांनी काका एक कामाचा फोन घ्यायला बाहेर गेले. समोरचा माणूस बोलका निघाला. वीस मिनिटं गेली. परत आले तर बाई मजेत विणत होत्या, चेहरा एकदम टवटवीत. काका बसले. त्यांना काहीतरी खटकलं. डोळ्याला फूटपट्टीची सवय असलेल्या माणसाला फसवणं सोपं नसतं. त्यांनी टेप काढली आणि मोजलं. छत्तीस.

"खुर्च्या सरकल्यात," काका म्हणाले.

"सरकल्या असतील," बाई म्हणाल्या, विणकामातून मान वर न करता.

फळीवर बोल्टची चार जुनी भोकं उघडी पडली होती आणि पाच इंच पुढे चार नवी भोकं होती. ड्रिल मशिन अजून गरम होतं. अडतीस वर्षं खुर्चीवाल्याबरोबर काढल्यावर एवढं येणारच.

आता काका वैतागले. म्हणाले, त्रास होत होता तर छान-छान कशाला म्हणत होतीस. मी विचारलं तेव्हाच गरज नाही म्हणालीस. आणि वरून म्हण ऐकवली की अंथरूण पाहून पाय पसरावेत.

बाईंनी सुया बाजूला ठेवल्या. "अंथरूण कापलं कुणी?" त्यांनी विचारलं. "तुमच्या एकविसाव्या रांगेची जागा माझ्या गुडघ्यांतून निघालीय. त्यानंतर मी त्या सभागृहात कडेची सीट का मागते? तुम्हाला वाटतं मला मध्येच उठावं लागतं म्हणून."

काकांना खरंच तसंच वाटत होतं. सव्वीस वर्षं. एवढंच नाही, तर त्यांनी एका ओळखीच्या डॉक्टरांना त्याबद्दल गुपचूप विचारूनही ठेवलं होतं.

ते फळीवर बसले. म्हणाले, "सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर रांग काढली असतीत?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसती."

"मग कशाला तोंड वाजवायचं," असं म्हणून बाईंनी विणकाम उचललं आणि वर गेल्या.

पुढचे तीन दिवस त्यांच्या घरात छत्तीसचा आकडा होता, हे मला जिन्यावरच्या पावलांवरून कळत होतं. एरवी दोघं बोलत उतरतात. आता आधी लांब टांगा उतरत, मग थोड्या वेळाने छोट्या. चौथ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडत होते तेव्हा काका दारात उभे होते. म्हणाले, एक सीट जास्त जागेची कर. मी विचारलं, एकच का. ते म्हणाले, "माझ्या पायांना एकतीससुद्धा उरतात. पैसे देऊन रिकामी जागा घेऊन काय करू, भाड्याने देऊ?"

घोळ असा झाला की तोपर्यंत जास्त जागेची एकच सीट शिल्लक राहिली होती, पुढच्या रांगेत, समोर आडभिंत असलेली. काकांची साधी सीट तेरा रांगा मागे. अकरा तास वेगळं बसावं लागेल, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी पैसे मोजून ठेवले. बाईंना कळलं तेव्हा त्या खाली आल्या, पडद्यावर दोन्ही सीट कुठे आहेत ते पाहिलं आणि फक्त "बरं" म्हणाल्या. हे "बरं" शाळेत ऐकलं की आम्ही न सांगता मैदानाला फेरी मारायला लागायचो. पण या वेळी जाताना त्यांनी माझ्या टेबलावरची दोन चॉकलेटं उचलली, म्हणजे राग नव्हता.

पुढचं मला दोघांनी परत आल्यावर वेगवेगळं सांगितलं. दोन्ही जुळवून जे उरतं ते असं.

बाईंच्या शेजारी एक आजी होत्या. जेमतेम काकांएवढ्या. त्यांच्या मुलाने कौतुकाने त्यांना ती महागाची सीट घेऊन दिली होती. आजींचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि समोर खुर्ची नसल्यामुळे त्यांची पिशवी खाली ठेवता येत नव्हती. ती वरच्या कप्प्यात गेली. पिशवीत औषधं, चष्मा, दुसरा चष्मा, शाल आणि लेकीला द्यायच्या पत्रांचा गठ्ठा. आजींना दर पंधरा मिनिटांनी त्यातलं काहीतरी लागे. त्यांचा हात वर पोचत नव्हता. शेजारी बाई होत्या, पाच फूट नऊ. त्यामुळे पाय पसरायला घेतलेल्या सीटवर बाई पहिले दोन तास बहुतेक उभ्याच होत्या.

काका मागे दोन दणकट माणसांच्या मध्ये बसले होते. पाय मोकळे, पण खांद्यांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. आडव्या मापाकडे आपलं आयुष्यभर दुर्लक्षच झालं, असं ते मला म्हणाले. शेवटी दिवे मंद झाल्यावर ते उठले आणि बाई कशा आरामात आहेत ते डोळे भरून पाहावं म्हणून पुढे गेले. पाहतात तर बाई चपला काढून, वर हात करून कप्प्यात शाल शोधतायत.

"काय गं, जागा आवडली नाही?" काकांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की काकांनी मुकाट्याने शाल शोधायला मदत करायची म्हणून हात वर केला. तो पोचला नाही. आजी हसायला लागल्या. मग ओळख झाली, कोण कुठे बसलंय ते निघालं, आणि आजींनी एकच प्रश्न विचारला: तुमच्या सीटपुढे खाली पिशवी ठेवता येते का?

येते, काका म्हणाले.

बाईंना पिशवी खाली काढायला लावून आजी उठल्याच. काकांनी त्यांना आधीच बजावलं की तिथे दोन्ही बाजूंना धिप्पाड माणसं आहेत. आजी म्हणाल्या, माझे चारही मुलगे तसेच आहेत, मला त्यांच्यात झोप छान लागते. विमानात काम करणाऱ्या मुलीला विचारलं. ती हो म्हणाली आणि स्वतः आजींना सोडून आली.

अशा रीतीने काकांना फुकटात छत्तीस इंच मिळाले. ते बसले. पाय पुढे केले. समोर काहीच नव्हतं. आडभिंत त्यांच्या बुटांपासून हातभर लांब. वाया जाणारी जागा पाहून त्यांना चैन पडेना. बाईंनी त्यांचा खिसा चाचपून टेप काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. मग त्यांनी स्वतःचे पाय सरळ केले. पूर्ण. टाच, घोटा, गुडघा, सगळं एका रेषेत. काका म्हणतात, लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण बायकोचे पाय बसल्यावर एवढे लांब असतात हे त्यांनी तेव्हा प्रथम पाहिलं. अंथरुणात माणूस झोपलेला असतो, लक्ष कुठे जातं. पाच-दहा मिनिटं काका आडभिंतीपर्यंतची जागा न्याहाळत होते. मग काका म्हणाले की ही हवा महाग आहे, पण चांगल्या प्रतीची आहे. बाईंना तोवर झोप लागली होती.

विमान उतरलं तेव्हा बाईंचे गुडघे कुरकुरले नाहीत. त्या झपाझप पुढे निघाल्या आणि काका दोन्ही बॅगा ओढत मागून पळत राहिले. बाहेर धाकटी बहीण उभी होती. तीही तेवढीच उंच. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या तेव्हा काकांना त्यांच्या कोपरांखालून पलीकडचा रस्ता दिसत होता. आपण तिथेच उभे राहून डोळे पुसले, असं काका सांगतात. बाई म्हणतात, त्यांच्या डोळ्यांत धूळ गेली होती.

बहिणीची गाडी लहान होती. तिने सामान टाकलं, पुढचं दार उघडलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पुढे बसा."

पाहुण्याने पुढे बसायचं, आणि मेहुणीच्या घरी तर मान त्यांचाच. एरवी काका बसलेही असते. त्यांनी दारातून आत वाकून पाहिलं, सीटखालची दांडी ओढली आणि सीट होती तेवढी मागे सरकवली. मग बाजूला झाले.

"ताईला बसव," ते म्हणाले. "माझं मागे भागतं."

बहीण बघतच राहिली. बाई बसल्या आणि त्यांनी पाय लांब केले. काका मागे शिरले, पट्टा लावला, बूट काढले आणि उरलेल्या जागेत ऐसपैस मांडी घातली. दोघी बहिणी एकोणीस वर्षांचं बोलायला लागल्या होत्या, एकीचं संपायच्या आत दुसरी सुरू करत होती. काका पहिल्या वळणापर्यंत ऐकत होते. दुसऱ्या वळणाला ते घोरायला लागले.