खळ्यातला आशिया

माझ्या थोरल्या साडूंइतका आशिया खंड पायाखाली घातलेला माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा नव्हता, आणि ते सोलापूरच्या पलीकडं कधी गेले नव्हते. लोहाऱ्याच्या शाळेत ते मास्तर होते. देश त्यांना पुस्तकात सापडले नाहीत, वाण्याच्या दुकानात सापडले. हिंग म्हणजे काबूल, खजूर म्हणजे बसरा, लवंग म्हणजे जावा. जेवताना आमटीचा भुरका मारून ते म्हणायचे, "आज काबूल जरा जास्त पडलंय." अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, परातीवरून मान वर न करता म्हणायच्या, "मग उद्यापासनं बसऱ्यात जेवा. हितं आसंच मिळंल." पाहुण्याला पान दिलं तरी त्यातली लवंग कुठून कशी इथवर आली हे ऐकल्याशिवाय ते तोंडात घालायची सोय नव्हती. कित्येकांचे विडे हातातच सुकले.

जपानशी लढाईचे दिवस होते. गावोगाव लोक वर्तमानपत्र घेऊन मास्तरांकडं यायचे. "गुर्जी, रंगून कुठं आलं?" आणि आम्ही मास्तर मंडळी चेहरा गंभीर करून सोलापूरच्या दिशेला बोट दाखवायचो. हे वरपर्यंत गेलं असावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आसपासच्या मास्तरांना आशिया कसा शिकवावा हे शिकवायचा हुकूम निघाला आणि तो वर्ग साडूंच्या गळ्यात पडला. त्यांनी तो हारासारखा मिरवला. शेवटच्या दिवशी मुहतमिम साहेब, म्हणजे जिल्ह्यातल्या शाळा तपासणारे अधिकारी, येणार होते. त्यांना पसंत पडलं तर वर्ग दरसाल भरणार, नाही तर बंद. साडूंना बढती नको होती, पगारवाढ नको होती. "दरसाल, दरसाल" असं ते झोपेतसुद्धा बडबडतात, अशी अक्कांची तक्रार होती.

हैदराबादहून यायचा नकाशा आलाच नाही. साडूंना उलट आनंद झाला. मळणी उरकून मोकळं पडलेलं मल्लाप्पांचं खळं त्यांनी मागून घेतलं, आम्हा मास्तरांकडून शेणानं सारवून घेतलं आणि त्यावर चुन्यानं अख्खा आशिया काढला. मधोमध बैल बांधायची मेढ होती, तिथं मंगोलिया आला. भुसकटाचा ढीग घालून हिमालय केला, तर दुपारच्या वाऱ्यानं तो रोज तिबेटात सांडायचा. सैबेरियाचं जंगल म्हणून लिंबाचे डहाळे रोवले, ते शेळीनं खाल्ले. मग आम्हालाच देश करून उभं केलं. बांधावरून भांडण असलेले दोघे मास्तर इराण आणि इराक झाले. बोलत नव्हते, पण सीमा सांभाळायचे. आमच्यातले सर्वांत जाडे गुरुजी चीनमध्ये मावेनात. मी ब्रह्मदेश होतो आणि दिवसभर "ब्रह्मदेश, सरळ उभा रहा! तुझ्यातनं इरावती वाहतीय," असा ओरडा खात होतो. कुंपणाबाहेर बायाबापड्या थांबून तोंडाला पदर लावून हसायच्या. पण खरं सांगतो, तिसऱ्या दिवसापासून मला झोपेतही रंगून कुठं आलं ते सांगता येत होतं.

साहेब आले. सुटाबुटातले, रुबाबदार. त्यांनी अरबस्तानाच्या किनाऱ्यावर टाकायला पाऊल उचललं आणि मल्लाप्पा आडवे झाले. "बूट काढा साहेब. खळ्यात पायताण चालत न्हाय."

"ये कौन है?" साहेबांनी विचारलं.

"खळ्याचा मालक हाय म्या. लक्ष्मीची जागा हाय ही. सरकार आलं तरी पायताण भाईरच."

आम्ही सगळे देश एकमेकांच्या आड सरकलो. साडू मात्र हात जोडून पुढं झाले. "साहेब, आम्ही समदे अनवाणीच आशियात आलो. तुम्हीही या."

साहेबांनी आपल्या बुटांकडं पाहिलं. मग खाली बसून त्यांनी बूट काढले. मोजा फाटका होता, अंगठा बाहेर. तो अंगठा घेऊन साहेब बसऱ्यावरून काबूलला, काबूलहून भुसकट ओलांडून चीनला गेले. तिथल्या गुरुजींना वळसा घालून जपानला पोचले, तेव्हा ते लहान मुलासारखे हसत होते. "मास्टर साहब, आप खुद कहाँ तक गए हैं?"

"सोलापूरपर्यंत, साहेब. तिथनंबी लवकर परत आलो. जेवणात हिंग नव्हता."

आजवर लग्नाच्या पंगतीत मी ही गोष्ट इथंच संपवत आलो. मागाहून साहेब बुटांपायी चिडले आणि वर्ग बंद झाला, असं मी सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. साहेब चिडले नव्हते. ते म्हणाले, "मुझे पसंद आया. अब बताइए, आप में से कौन अपने स्कूल में ऐसे पढ़ाएगा? हाथ उठाइए."

प्रत्येकाला आपापलं गाव आठवलं असावं. पाटील बघतोय आणि मास्तर शेणात अनवाणी उभे राहून देश-देश खेळतायत. कुणी हात वर केला नाही. इराण इराककडं बघत राहिला. मी साडूंकडं बघणं टाळलं. साहेब म्हणाले, कुणाला शिकवायचंच नसेल तर दरसाल वर्ग कशासाठी? तेव्हा साडूच घाईघाईनं म्हणाले, "साहेब, ऊन लई झालंय. मंडळी दमलीत. तुम्ही मठ्ठा घ्या."

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. पुढं माझी बदली आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं झाली. म्हातारपणी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी भेटायला गेलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी हळूच विचारलं, "तू आशिया कसा शिकवतोस रे?"

खरं उत्तर दिलं असतं तर त्या दिवशी न उठलेल्या हाताचंही सांगावं लागलं असतं. "नकाशावर," मी म्हणालो.

"बरं करतोस," ते म्हणाले. "पायाला शेण लागत न्हाय."

त्याच सकाळी मी पोरांकडून शाळेचं अंगण सारवून घेऊन, त्यावर चुन्यानं रेघा ओढून निघालो होतो. आम्ही बोलत होतो तेव्हा तिकडं वाशीला जपान अजून ओला होता.