रुसव्याची होडी

रुसण्याच्या बाबतीत आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस भीमेच्या या काठाला झाला नाही आणि त्या काठाला होणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. लोक भांडतात, शिव्या देतात, एकत्र चहा पितात आणि विसरतात. अण्णा भांडत नाहीत. ते गप्प होतात आणि उठून जातात. न्हाव्यानं आधी दुसऱ्याची दाढी केली म्हणून त्यांनी वर्षभर दाढी वाढवली होती. लग्नपत्रिकेत आपलं नाव चुलत्याच्या खाली छापलं म्हणून सख्ख्या पुतण्याच्या मांडवातून अक्षता टाकून उपाशी परतले, आणि घरी येऊन अक्काला पिठलं करायला लावलं. पण जाताना हा माणूस चालतो मात्र सावकाश. मागून कुणीतरी "अण्णा, थांबा की वो" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा असते.

आमच्याकडं लग्नात नवरदेवानं पंगतीत रुसून बसायचं आणि सासरच्यांनी अंगठी, घड्याळ, काहीतरी हातावर ठेवून त्याची समजूत काढायची, ही रीतच आहे. अण्णाही रीतसर रुसले. पण आचारी, वाढपी आणि वऱ्हाड यांच्यापायी बेजार झालेला मेहुणा ओरडला, "रुसलंय व्हय? बसू द्या तसंच." अण्णा बसले. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, मांडव सुटला, तरी कुणी फिरकलं नाही. तिथंच त्यांनी शपथ घेतली, "ह्या गावच्या रस्त्याला पुन्हा पाय लावणार न्हाई." त्याच घरचा मी धाकटा जावई. मला रुसायचं सुचलंच नाही, त्यामुळं घड्याळही मिळालं नाही.

तेव्हापासून अक्का प्रत्येक सणाला एकटीच माहेरी जायची, पुलावरून वळसा घालून, बसनं. खरं तर माहेर नदीच्या बरोब्बर पलीकडं. अण्णांच्या बांधावर उभं राहिलं की तिथलं देवळाचं शिखर दिसतं. मागच्या साली सासूबाईंनी (आम्ही जावई त्यांना आत्या म्हणतो) अंथरूण धरलं. मी गेलो की त्यांचं एकच, "थोरले जावई येणार न्हाईत का वो? डोळे मिटायच्या आत एकदा बघावं वाटतंय." हे माझ्याकडून ऐकून अण्णा विरघळले. पण शपथेचं काय? दोन रात्री तळमळून त्यांनी तोड काढली. शपथ रस्त्याची आहे. नदीला रस्ता कोण म्हणतंय? मग कोळ्याच्या नावेसारख्या गोल टोपलीत बसून जा म्हटलं, तर ते जावयाच्या इतमामाला शोभत नाही! होडी पाहिजे, आणि ती स्वतःची.

मोबाईलवर बघून त्यांनी अंगणात प्लायवूड कापलं, कडांना भोकं पाडली आणि गोधडी शिवावी तशी तांब्याच्या तारेनं होडी शिवली. मग सांध्यांवर फायबरची पट्टी, वरून फायबरचं कापड आणि त्यावर चिकट रेझिनचे हात. तेही आमच्याकडच्या मे महिन्यात! रेझिन घट्ट व्हायला हार्डनर घालतात, ते या उन्हात जपून घाला, असं मी सांगितलं, म्हणून आठवडाभर ते माझ्यावरही रुसले. त्यांनी अंदाजानं ओतलं. भांड्यातून धूर निघाला आणि अक्काचं पातेलं, रेझिन, ब्रश असं सगळं मिळून जागच्या जागी दगड झालं. पुढं उघड्या अंगानं घासकाम केल्यामुळं फायबरची कुसळं कातडीत शिरली, आणि अण्णांना खरूज झाल्याची बातमी गावभर झाली. त्यावर रुसायची त्यांची फार इच्छा होती, पण नेमकं कुणावर रुसावं ते ठरेना. "तिकडं आई झिजायलीय," अक्का म्हणाली, "आन् तुम्ही लाकडाला मलम लावायलाव!"

होडी झाली. मुहूर्ताचा नारळ अण्णांनी फोडला, तोही होडीच्या नाकावर. नारळ शाबूत राहिला, होडीला चीर गेली. पुन्हा पट्टी, पुन्हा रेझिन, पुन्हा पंधरवडा. या वेळी मात्र मला मनापासून संताप आला. म्हातारीचा जीव टांगणीला लागलाय आणि हा बाबा घासतोय!

शेवटी एका सकाळी निघालो. इस्त्रीच्या शर्टात अण्णा वल्ह्यावर, मध्ये अक्का, मागं पाणी उपसायला तांब्या घेऊन मी. खोटं कशाला बोलू, थेंबभर पाणी आत आलं नाही. पलीकडं लागलो, अक्का उतरली. अण्णा उठेनात. काठापासून सासूबाईंच्या दारापर्यंत गावचा सिमेंटचा रस्ता गेला होता.

"हितं बी रस्ता हाय की वो," अण्णा म्हणाले. इतके महिने खपताना हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"मग आता दारापतूर कालवा खंदा!" अक्का कडाडली आणि तरातरा निघून गेली.

आम्ही दोघं जावई होडीतच उन्हात बसून राहिलो. मी तोंडाला येईल ते बोललो, अण्णा पाण्याकडं बघत होते. थोड्या वेळानं मेहुणा मोटारसायकलवरून आला. मागं त्याला घट्ट धरून सासूबाई! त्यानं खाली मान घालून त्यांना उतरवलं. थरथरत त्या पाण्यात आल्या आणि होडीची कड धरली.

"अण्णा, त्या दिशी मीच यायला पायजे होतं. कामाच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं. चला आता घरला."

या क्षणासाठी अण्णांनी किती वर्षं काय काय बोलायचं ठरवलं असेल! ते एवढंच म्हणाले, "आत्या, पाय भिजायलेत तुमचे." आणि चपलांसकट पाण्यात उतरले. एका बाजूनं अण्णा, दुसऱ्या बाजूनं मेहुणा, मध्ये सासूबाई, असे तिघं त्या रस्त्यानं चालत गेले. मला रडू आलं. डोळे पुसून बघतो तर होडी काठ सोडून निघालेली. "अण्णा, मी ऱ्हायलोय की!" मी बोंबललो. एकानंही मागं वळून बघितलं नाही. मला वल्हवता येत नाही; शेवटी एका कोळ्यानं त्याच्या टोपलीतून ओढत मला काठाला आणलं.

सासूबाई संक्रांतीआधी गेल्या. तोवर अण्णा दर दोन दिवसांनी रस्त्यानंच तिकडं जायचे आणि स्वतःच्या हातानं त्यांना पेज भरवायचे. पुढं माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मी मुद्दाम सगळ्यांना टोपी-टॉवेल दिला आणि मानाचे असून अण्णांना वगळलं. म्हटलं, आता उठतील, मी मागं पळेन. अण्णा शेजारच्या पाहुण्याची टोपी सरळ करत बसले. शेवटी मीच जवळ जाऊन म्हणालो, "अण्णा, रुसा की वो जरा."

"आता कशाला?" ते हसले. "ज्यांनी यायचं होतं, त्या येऊन गेल्या."