तिच्या जागेची पोटनिवडणूक

बायको गेली तेव्हा मला निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. मी एसटीत कंडक्टर होतो. सगळी नोकरी मुक्कामाच्या गाड्यांवर गेली. आज अहेरी, उद्या सिरोंचा, परवा कोरची. घरी यायचो ते पाहुण्यासारखा. आंघोळ करायची, जेवायचं, झोपायचं आणि परत डेपो. ती ग्रामपंचायतीवर पहिल्यांदा निवडून आली, त्या निकालाच्या दिवशीही मी ड्यूटीवरच होतो. तिच्या केसांतला गुलाल मी दुसऱ्या दिवशी पाहिला, तोही अर्धा धुऊन गेलेला.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं निवांत बसू, असं मी धरून चाललो होतो. तिला मात्र निवांतपणा माहीत नव्हता. सकाळी कोणी दाखल्यासाठी यायचं, दुपारी कोणाचं भांडण. मी सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत बसून पेपर वाचायचो आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत राहायची. पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप चढला. दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती परत आली नाही. तेरवी झाली, मुलगी नागपूरला गेली, आणि घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ उरलो.

हिवाळा सरताना ग्रामसेवक आला. भला माणूस. चप्पल काढून आत आला, पाणी प्यायला, मग खाली बघत म्हणाला, "भाऊ, बाईची जागा रिक्त दाखवा लागते. वरून विचारून राह्यले."

मी मृत्यूचा दाखला काढून दिला. काही दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. तिचं पूर्ण नाव, त्यापुढे 'यांच्या निधनामुळे रिक्त झालेली जागा', आणि पोटनिवडणुकीचा कार्यक्रम. पानठेल्यावर जाताना मी तो कागद वाचायचो. रोज तोच मजकूर, तरी वाचायचो. तिचं नाव छापलेलं दुसरं कुठे दिसतच नव्हतं.

मग माणसं येऊ लागली. आधी विचारणा झाली ती आमच्याच घरातून कोणी उभं राहतं का याची. जागा महिलेसाठी राखीव. आम्हाला एकच मुलगी, ती सासरी. मी हात जोडले. शेवटी दोघींनी अर्ज भरले. एक आमच्या शेजारच्या घरची सून. आमची कोणी लागत नव्हती, तरी मला मामाजी म्हणायची. तिला चिन्ह मिळालं पतंग. दुसरी रस्त्यापलीकडे राहणारी, बचत गटाची अध्यक्ष, माझ्या बायकोच्या बरोबरीची. तिला मिळाली कपबशी. आठवडाभरात दोघींची नावं मागे पडली. गावभर पतंगवाली आणि कपबशीवाली, एवढंच.

आमचा वॉर्ड लहान. मासेमारी करणारी धिवरांची घरं, वरच्या टोलीत गोंडांची घरं, आणि मधे आमच्यासारखी शेती-मजुरीवाली. कोण कुणाला मत देणार हे दोन्ही बाजूंनी बोटांवर मोजून ठेवलं होतं, आणि दोन्हीकडची मोजणी सारखीच येत होती. म्हणून एकेका मतासाठी धावपळ. आंध्राकडे मिरची तोडायला गेलेल्या माणसांना आणायला गाडी गेली. आजारी म्हाताऱ्यांची विचारपूस सुरू झाली. माझ्याकडे तर दोन्ही बाजू येऊन बसायच्या. मेलेल्या सदस्याचा नवरा जिच्या बाजूने, तिच्याच बाजूने ती गेलेली बाईही, असा हिशेब असावा.

महिनोन्‌महिने ज्या सपरीत मी एकटा बसायचो, ती भरून जाऊ लागली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. सकाळी कपबशीवालीकडून वांग्यात घातलेले झिंगे यायचे. संध्याकाळी पतंगवाली अंबाडीची भाजी झाकून आणायची. आणि दोघींच्या तोंडी एकच वाक्य: "बाईचं काम पुढे न्यायचं हाय."

बाईचं काम काय, हे मला त्या दिवसांत कळलं.

कपबशीवाली एकदा बायकांना सांगत होती, "वरच्या टोलीतल्या बोअरचं पाणी लाल येत होतं. बाईनं बाटलीत भरलं, तहसीलदाराच्या टेबलावर नेऊन ठेवलं. म्हणाली, 'साहेब, आधी तुमी प्या, मंग आमी पितो.'"

बायका हसल्या. मीही हसलो, पण मला ही गोष्ट माहीत नव्हती. मी विचारलं, "हे कधीचं?"

"भाऊ, तुमाले नाई सांगितलं?" तिला खरंच नवल वाटलं. "अख्ख्या गावाले माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी वरच्या टोलीतल्या एकाने सांगितलं, त्याची बायको अडली होती, रस्त्यावर पाणी होतं, तेव्हा बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेली. जंगलात मोहफुलं वेचायच्या दिवसांत वाघाची वार्ता होती तर सगळ्यांच्या पुढे तीच काठी वाजवत चालायची. असं किती. मी घरी यायचो तेव्हा ती विचारायची, भाजी काय करू, बनियन कुठला देऊ. मीही विचारायचो, सगळं ठीक? ती म्हणायची, ठीक. एवढ्यावर आमचा संसार झाला. आता परकी माणसं माझ्याच सपरीत बसून मला माझ्या बायकोची ओळख करून देत होती, आणि मी मान हलवत होतो.

रात्री सगळे गेले की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं.

मतदानाच्या दिवशी ऊन फार होतं. शाळेच्या खोलीत यंत्र ठेवलेलं. बाहेर दोन्हीकडची माणसं मांडव टाकून बसलेली. मी जाताना दोन्ही मांडवांतून हात जोडले गेले. शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. पहिलं नाव कपबशीचं, दुसरं पतंगाचं. दोन्ही बायका भल्या. कोणाहीसमोरचं बटण दाबलं असतं तर वावगं झालं नसतं. पण मी ती दोन नावं वाचली, परत वाचली, आणि तिसरं नाव शोधू लागलो. पंचायतीसाठी मत द्यायचं तर तिलाच द्यायचं, हीच सवय होती. एवढे महिने झाले, चिता मी पेटवली, दाखला मी दिला, पण ती नाही हे मला त्या आडोशामागे कळलं. पाठीमागून कर्मचारी म्हणाला, "झालं का जी?" मी सगळ्यात खालचं बटण दाबलं. 'वरीलपैकी कोणीही नाही.' शिट्टी वाजली आणि मी बाहेर आलो.

मोजणी तहसीलला होती. दोन्हीकडच्या गाड्या जाणार होत्या, दोघांनीही बोलावलं. एकीच्या गाडीत बसलो असतो तर दुसरीला लागलं असतं, म्हणून मी बसने गेलो. तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली उभा होतो. आतून एक पोरगा धावत आला आणि ओरडला, "बरोबर! दोघीले सारखे मतं!"

परत मोजलं. तरी सारखीच. आणि नोटाला एक.

तेव्हा चिठ्ठी टाकायचं ठरलं. साहेबांनी दोन कागदांवर दोन नावं लिहिली, सगळ्यांना दाखवली, घड्या घालून बरणीत टाकल्या. बंदोबस्तावरच्या एका महिला शिपायाला चिठ्ठी काढायला बोलावलं. तिने डोळे मिटून हात घातला. कपबशी निघाली.

एकीकडे गुलाल उडाला. पतंगवाली खिडकीजवळ उभी होती. तिने पदर नीट केला, पुढे होऊन कपबशीवालीला नमस्कार केला आणि गाडीकडे चालू लागली. तिचा नवरा मात्र तिथेच ओरडत होता, "एक मत, एक मत कोनं वाया घालवलं?"

मी नंतरच्या बसने परतलो. वाटेत कोणी ओळखीचं नव्हतं.

गावात पुढचे काही दिवस तोच प्रश्न. पतंगवाल्यांना वाटे, ते मत आपलं होतं. कपबशीवाल्यांना वाटे, ते आपल्याला पडलं असतं तर चिठ्ठीची पाळीच आली नसती. शोधता शोधता संशय गेला तलावाच्या काठी राहणाऱ्या एका म्हातारीवर. तिला नीट दिसत नाही. तिच्या मुलाने दोन्हीकडे शब्द दिलेला. मी पानठेल्यावर उभा होतो तेव्हा ती बाजूच्या किराण्यात मीठ घ्यायला आली होती, आणि एक तरणा तिला म्हणाला, "काऊन बुढे, सर्वात खालचं बटन बरं सापडलं तुले?"

म्हातारी गांगरली. "मी बराबर दाबलं बापू. मले चित्र दिसलं होतं." परत परत तेच सांगू लागली. डोळ्यांना पदर लावला. बाकीचे हसत होते.

मी म्हणालो, "तिले काऊन त्रास देता? नोटा मी दाबला."

हसणं थांबलं. पानवाल्याचा कात लावणारा हात थांबला. तो तरणा म्हणाला, "मस्करी करता का भाऊ?"

"मस्करी नाई. मी दाबला."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मीठ घेतलं आणि निघून गेली. मी घरी पोचायच्या आत गोष्ट माझ्या पुढे पोचली होती. रस्त्यापलीकडचं दार उघडं होतं, मी दिसताच लोटलं गेलं. शेजारून त्या संध्याकाळी भांडी आपटल्याचा आवाज आला.

नंतर कोणी भांडायला आलं नाही. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. दोन्ही घरांनी मला सोडून दिलं, बस. झिंगे बंद, अंबाडी बंद. रस्त्यात भेटलं तर मान वळायची. मी खिचडी करायचो आणि तीच दोन वेळा खायचो. मुलगी फोनवर म्हणायची, नागपूरला या. मी म्हणायचो, बघतो. उन्हाळा गेला, पाऊस लागला, भाताच्या बांध्या भरल्या, बेडकं ओरडू लागली. दिवसभरात माझं बोलणं झालंच तर किराण्याच्या दुकानात.

भाताच्या रोवण्याच्या दिवसांत एका सकाळी पतंगवाली दारात येऊन उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. आत आली नाही.

"मामाजी, एक विचारू?"

"विचार नं."

"काऊन दाबला?"

मी म्हणालो, "तुमच्या दोघीचे नावं वाचले. तिचं नाव नव्हतं."

ती सपरीच्या खांबाला टेकली. "मले वाटलं, माझ्यातच काई कमी हाय." मग म्हणाली, "तुमी ड्यूटीवर असले का बाई आमच्या घरी येऊन बसे. दिवाबत्तीच्या वक्ती. सयपाक झाला का विचारलं तं म्हणे, एकटीसाठी काय करू. आमच्याच घरी दोन घास खाये."

हे कोणी प्रचारात सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, घरातला हा सन्नाटा ती गेल्यावर आला. तो तर कित्येक वर्षं इथे होता. ती एकटीच त्यात राहत होती, मी फक्त अधूनमधून येऊन जात होतो.

"आमच्याकडे आज रोवणा हाय," ती जाताना म्हणाली. "पऱ्हे वाहून द्यायले मानूस नाई. जमन का तुमाले?"

मी धोतर खोचून तिच्या मागे गेलो. जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस, बांधावरून चालतानाही पाय घसरत होता. बांधीत बायकांची रांग वाकून रोप लावत होती. मी पऱ्ह्यांची, त्या कोवळ्या रोपांची पेंडी घेऊन जवळ गेलो तर रांगेत कपबशीवाली दिसली. पतंगवाली चिखलात उतरून सरळ तिच्या बाजूला जाऊन वाकली. कपबशीवाली तिला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी तिथेच उभा राहिलो. शेवटी रांगेतल्या टोकाच्या बाईला विचारलं, "या दोघी बोलतात?"

"कवाच्या," ती मान वर न करता म्हणाली. "मृगातच बोलल्या. तिचा रोवणा हिनं केला, आज हिचा ती करून राह्यली. तुमाले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. माझ्या घरी येऊन सांगणारं कोणी नव्हतं.

कपबशीवालीने मला पाहिलं. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि म्हणाली, "भाऊ, इकडे पऱ्हे कमी पडून राह्यले, टाका."

मी पेंडी सोडली, त्यांच्या मागे चिखलात टाकली आणि दुसरी आणायला बांधावरून परत चालू लागलो.