सुनेचा ठोकळा

माझ्या सुनेच्या रुखवतात एक रंगीत ठोकळा होता. विहारासमोरच्या मांडवात टेबलावर चादर अंथरून रुखवत मांडलं होतं. लोकरीची तोरणं, मण्यांचा मोर, कुरड्यांची झोपडी, आणि मधोमध स्टीलच्या वाटीत हा ठोकळा. सहा बाजूंना सहा रंग आणि प्रत्येक बाजूचे लहान लहान तुकडे फिरणारे. बाकीचं सामान दर लग्नात असतं. हा मी पहिल्यांदाच पाहिला.

माझी धाकटी जाऊ तोंडाची फटकळ आहे. मीही आहे, पण ती आधी बोलते. ती म्हणाली, "काय वं बाई, लेकरू व्हायच्या आधीच खेळणं आणलं का हिनं?"

बायका हसल्या. नवरी पांढऱ्या साडीत शेजारीच उभी होती. तिनं ठोकळा उचलून जावेच्या हातात दिला. "काकू, तुमीच फिरवा. पाहिजे तेवढा बिघडवा."

जावेनं तो कणीक तिंबल्यासारखा फिरवला, सगळे रंग एकमेकांत घातले आणि परत दिला. मग खुर्चीकडं वळली. ती खुर्चीत टेकेपर्यंत ठोकळ्याची एकेक बाजू एकेका रंगाची झाली होती. नवरीनं तो वाटीत ठेवला आणि पदर सारखा केला.

मुलगी आम्ही आधीच पसंत केली होती, पण मला ती खरी त्या दिवशी पसंत पडली.

हा नाद तिला हिंगोलीला कॉलेजात असताना वसतिगृहात लागला. ती म्हणते क्यूब, मी म्हणते ठोकळा. याच्या स्पर्धा असतात हे मला तिनंच सांगितलं. टेबलावर घड्याळ असतं. आधी ठोकळा नीट बघू देतात, मग घड्याळावर टेकवलेले हात उचलले की वेळ सुरू. असं पाच वेळा करायचं. सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत वाईट वेळ सोडून द्यायचा आणि मधल्या तिन्हींची सरासरी धरायची. म्हणजे एकदा नशिबानं जमलं तर त्याला किंमत नाही आणि एकदा चुकलं तर त्याची शिक्षाही नाही. मला हा नियम आवडला. आमच्या गावात माणसाला एका चुकीवर जन्मभर मोजतात.

लग्नाआधी ती दोन-तीन स्पर्धांना गेली होती. दर वेळी सरासरी वीस सेकंदांच्या जराशी वर राहिली. वीसच्या खाली कधी आली नाही. लग्न झाल्यावर तिची एक मैत्रीण फोनवर म्हणाली, आता संपलं तुझं, आता भाकऱ्या थाप. ते तिनं मला भाकरी थापता थापताच सांगितलं.

"आत्या, मला वीसच्या खाली यायचंय. एकदाच. पण नोंदीत आलं पाहिजे."

"मंग ये की. कोण धरून ठेवलंय तुला?"

"कुणी न्हाई."

"मंग काहून माझ्या तोंडाकडं बघून राहिली? तव्याकडं बघ, भाकर करपली."

तिचा सराव संध्याकाळी चाले. भांडी झाली की ओसरीवर बसायची. किर्र किर्र, किर्र किर्र. गोचीड लागलेली म्हैस खांबाला अंग घासते तसा आवाज. मी म्हणाले, एक तर बंद कर न्हाईतर मला शिकव. तिनं शिकवलं. पांढऱ्यापासून सुरुवात करायची, मग मधला थर, मग वरचा. मला पहिले दोन थर येतात. तिसरा येत नाही. ती म्हणते येईल, मी म्हणते येणार नाही, आणि अजून तरी माझंच खरं आहे.

माझी शाळा चौथीत सुटली. पण हात मला चांगले आहेत. आमच्या शिवारात, कुरुंद्याकडं, हळद हेच मोठं पीक. उन्हाळा लागला की हळद निघते आणि बायकांची टोळी ती मोडायला बसते. मोडायची म्हणजे जमिनीतून निघालेल्या गड्ड्याची हळकुंडं पिळा देऊन वेगळी करायची. मी चाळीस वर्षांवर ते केलं. माझ्या बरोबरीनं मोडणारी बाई टोळीत नव्हती. होती असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

सून पहिल्या वर्षी टोळीत बसली तेव्हा हातातल्या गड्ड्याकडंच बघत राहायची. मी सांगितलं, "हातातलं हाताला करू दे. डोळा पुढच्या गड्ड्यावर ठेव."

ती माझ्याकडं बघून हसायला लागली. "आत्या, क्यूबच्या व्हिडिओतला माणूस बी हेच सांगतो. इंग्रजीत."

"मंग त्यानं बी हळद मोडली असंल," मी म्हणाले. टोळी हसली.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडला स्पर्धा निघाली. तिनं नाव घातलं. स्पर्धा ऐन हळदीच्या दिवसांत होती, म्हणून ती ठोकळा शेतात घेऊन यायची. जेवण झालं की कडुलिंबाच्या सावलीत फिरवायची. हात धुऊनच फिरवायची, पण हळद मोडणाऱ्या बाईचा हात पाण्यानं साफ होत नाही. ठोकळ्याचे पांढरे तुकडे हळूहळू सायीसारखे झाले. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण एक दिवस ठोकळा गड्ड्यांच्या ढिगावर पडला आणि एका पांढऱ्या कोपऱ्याला ओल्या हळदीचा रस लागला. तो कोपरा पार पिवळा झाला.

संध्याकाळी तिनं ठोकळा फिरवलाच नाही. विचारलं तर म्हणाली, नियम असा आहे की ठोकळ्याचा एकही तुकडा खुणेनं ओळखू येता कामा नये. खूण असली तर पंच तो ठोकळा चालू देत नाहीत.

"दुसरा घ्यावा मंग."

"नवा क्यूब कडक राहतो, आत्या. हाताला बसायला महिने लागतात. दुसऱ्याचा घेतला तर माझं वीसच्या खाली होत न्हाई."

मला कळलं. माझा विळा मीही कुणाला दिला नाही कधी.

माझा मुलगा वसमतला अडतीवर कामाला जातो. दिवसभर हळदीच्या पोत्यांत असतो. त्यानं दुसऱ्या दिवशी बायकोला खूश करायचं ठरवलं. ती पाणी आणायला गेली तेव्हा त्यानं कपड्याचा साबण घेतला आणि तो कोपरा घासला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हे आमच्या गावात लेकराला ठाऊक आहे. पण ज्यानं जन्मात स्वतःची पँट धुतली नाही त्याला कसं ठाऊक असणार? कोपरा विटकरी लाल झाला. ठोकळ्यात लाल रंग आधीच आहे.

सून आली. तिनं बघितलं. त्याला म्हणाली, "वा. आता पांढऱ्यात लाल बी आला. झेंडा करून लावा घरावर." मग घागर ठेवली आणि घरामागं परड्यात जाऊन बसली.

मुलगा माझ्याकडं आला. "माय, मी तर चांगल्यासाठीच केलं."

"हळदीचा धंदा करतो आन हळद वळखत न्हाई तू. ठोकळा दे इकडं. आन लिंबू आण."

लिंबू चोळलं की लाल गेलेली हळद परत पिवळी होते. तसं झालं. आता उरला पिवळा डाग. हळदीचा डाग धुवून जात नाही, त्याला ऊन खातं. लुगड्याला लागलेली हळद आम्ही दोरीवरच घालवतो. मी ठोकळा गच्चीवर नेला. तिथं ताडपत्रीवर शिजवलेली हळद वाळत होती, तिच्या कडेला विटेवर पांढरी बाजू वर करून ठेवला. सून मागोमाग वर आली.

"आत्या, ऊन लई हाय. प्लास्टिक वाकंल. फिरायला घातलेलं आतलं तेल बी पातळ होईल."

"मी बसते ना इथं. कोवळ्या उन्हात ठेवते, चटका लागला की उचलते."

रोज सकाळी मी ठोकळा राखत बसायचे. जाऊ शेजारच्या गच्चीवर पापड घालायला आली की विचारायची, "काय बाई, वाळला का ठोकळा? तळायचा कधी?" मी विटेवरचा ठोकळा उन्हाकडं सरकवायचे. संध्याकाळी सून ठोकळा घेऊन ओसरीवर बसायची आणि बोटांना आता हळद नाही ना, हे दर वेळी दिव्याखाली बघायची.

डाग उतरला, पण सगळा उतरला नाही. बाकीचे पांढरे तुकडे सायीसारखे आणि हा कोपरा ताकात चिमूट हळद पडल्यासारखा. स्पर्धा दोन दिवसांवर आली. सून म्हणाली, आत्या, राहू द्या, मी कुणाचा तरी मागून घेईन. तिचं हे मागून घ्यायचं म्हणणं मला पटलं नाही.

नियम काय आहे? एक तुकडा वेगळा दिसू नये. पांढराच असला पाहिजे असं कुठं म्हटलंय? मी तिला ते दोनदा विचारलं. तिनं फोनमध्ये वाचून बघितलं. सहा रंग एकमेकांपासून वेगळे दिसले पाहिजेत आणि कुठला तुकडा ओळखू येऊ नये, एवढंच. मग मी ओल्या हळकुंडाची चकती कापली, तेलाचं बोट लावलं आणि बाकीच्या आठ पांढऱ्या तुकड्यांवर एकेक हात फिरवला. थोडं लावायचं, पुसायचं, उजेडात धरायचं. एखादा जास्त झाला तर उन्हात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊही तुकडे एका रंगाचे झाले. खऱ्या पिवळ्या बाजूशेजारी धरलं तर ती गडद आणि ही फिकट. आंधळ्यालाच फरक कळला नसता.

सून बराच वेळ ठोकळा फिरवून बघत होती. "तो कोपरा कोणता व्हता, मलाच सापडत न्हाई," ती म्हणाली.

नांदेडला आम्ही दोघीच गेलो, बसनं. मोठा हॉल होता. पोरंच पोरं, दहा-बारा वर्षांची, आणि त्यांच्या आया पाण्याच्या बाटल्या घेऊन. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, "आजी, तुमचा नातू कोणता?"

"नातू न्हाई. सून."

"सून?"

"व्हय. ती बघा. हिरव्या साडीतली."

तिनं बघितलं आणि तिच्या पलीकडच्या बाईला सांगितलं. तिनं तिच्या पलीकडचीला. सगळी रांग हिरव्या साडीकडं बघायला लागली. मी पदर नीट केला आणि ताठ बसले.

टेबलाशी एक तरुण पंच होता. त्यानं ठोकळा हातात घेतला आणि थांबला. मी उठून जवळ गेले.

"ताई, ही बाजू पांढरी का नाही?"

"हळद लागली," सून म्हणाली. "आमी हळदीत काम करतो. एका तुकड्याला जास्त लागली व्हती, तर आत्यानं बाकीचे त्याच्या बराबर केले."

लपवायचं तिच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. त्या पंचानं मोठ्या पंचाला बोलावलं. मोठा पंच ठोकळा खिडकीशी घेऊन गेला. फिरवला, वाकडा धरला, बोट फिरवून बघितलं. मी त्याच्याच तोंडाकडं बघत होते.

"कोणी केलं म्हणालात हे?"

"मी," मी म्हणाले.

"यातला कोणता तुकडा होता?"

"तुमीच सांगा."

तो हसला. त्याला सांगता आलं नाही. "रंग वेगळे कळतात, खूण नाही. चालेल," तो म्हणाला.

पहिला वेळ वीसच्या बराच वर गेला. दुसरा आणि तिसरा चांगला झाला. चौथ्याला मधेच अडकली, थांबली, पुन्हा सुरू झाली. वीसच्या वर. पाचवा राहिला. आता हा वाईट झाला तर सगळं गेलं, हे मला हिशेब न करता कळत होतं. तिनं ठोकळा बघितला, खाली ठेवला, हात टेकवले. मग उचलला. मी तिच्या हातांकडं बघितलंच नाही, डोळ्यांकडं बघितलं. डोळे हातांच्या पुढं होते. टोळीत बसल्यासारखे.

ठोकळा टेबलावर आपटला. पंचानं आकडा लिहिला. तिनं तो वाचला, बोटांवर काहीतरी केलं आणि हॉलभर मला शोधायला लागली. मी तर तिथंच उभी होते.

"एकोणीस आली, आत्या. सरासरी. एकोणीस आन वर थोडं."

"वीसच्या खाली ना?"

"खाली."

"नोंद झाली?"

"झाली."

"मंग चल, जेवू. मला भूक लागली."

पहिली आली ती एक पोरगी, आमच्या सुनेच्या अर्ध्या वयाची आणि अर्ध्या वेळातली. तिचं बघून सूनबाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चांगला हात तो चांगला हात.

गावात उतरलो तर जाऊ थांब्यावरच होती. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"आला का नंबर?"

"आला," सून म्हणाली. "खालून मोजला तर लवकर सापडतो, काकू."

"मंग एवढं नांदेडला जाऊन काय मिळालं?"

मी पिशवी खाली ठेवली. "वीसच्या खाली आली ती."

"आन याच्या आधी?"

"वीसच्या जराशी वर."

"एवढंच?"

मी पिशवीतून ठोकळा काढला, सगळे रंग बिघडवले आणि तिच्या हातात दिला. "व्हय, एवढंच. तू कर."

तिनं तो दोन-चार वेळा फिरवला, उलटा केला, फिकट बाजूकडं बघितलं. "हे पांढरं काहून असं दिसून राहिलं?" तिनं विचारलं.

"ते माझं काम हाय," मी म्हणाले, आणि आम्ही घराकडं निघालो.