जागा खाली हाय

मध्यंतरी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कचेरीतून एक तरुण माझ्याकडे आला. निजामाच्या अमलात आमच्या भागात जे धर्मोपदेशक होऊन गेले त्यांची माहिती तो गोळा करत होता. कोण कुठून आला, शिकला किती, घरात बोली कोणती, पाळकपदाची दीक्षा मिळाली की नाही. पोरगा गुणी होता, हळू आवाजात बोलत होता. माझ्या वडिलांबद्दल सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "ते वारल्यावर नवा माणूस येईपर्यंत तुमच्या गावची जागा रिकामीच होती ना?" मी त्याला आधी लिंबाचं सरबत दिलं आणि मग चांगलं झापलं. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण आमच्या घरात हा विषय दुसऱ्यांदा निघत होता, आणि पहिल्यांदा माझ्या मायने जे उत्तर दिलं त्याच्याखाली उतरायची माझी तयारी नाही.

आमचं गाव हिंगोलीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, टेकडावर. तेव्हा हा मुलूख परभणी जिल्ह्यात मोडायचा. वडील नगरकडचे, गावकुसाबाहेर जन्मलेले, मिशनच्या शाळेत शिकलेले. माय इथलीच, औंढ्याच्या बाजूची. वडिलांचं मिशन रविवार नव्हे, शनिवार पाळणारं. शुक्रवारी दिवस मावळला की जातं, कुदळ, देणंघेणं सगळं बंद, ते शनिवारचा दिवस मावळेपर्यंत. येशू लवकरच परत येणार आहे, तयार राहा, हा उपदेश. चहा नाही, विडी नाही, शिंदीचं तर नावच काढायचं नाही. पाटील वडिलांना विचारायचा, "मंग पाव्हन्याला देता तरी काय?" वडील म्हणायचे, पाणी. पाटलाला त्यांची फार कीव यायची.

गावाला येशू कळायच्या आधी शनिवार कळला. शनिवार म्हणजे शनीचा आणि मारुतीचा. तेव्हा हा पाद्री शनीचा कोणी मोठा भगत असला पाहिजे, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात शेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया वाटीत तेल घेऊन दारात उभ्या राहिल्या, साडेसाती उतरवा म्हणून. वडिलांची पंचाईत झाली. ते समजावून सांगायचे, आमचा तो देव नव्हे, तेल घरी न्या. बाया "व्हय, व्हय" म्हणायच्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वाटी घेऊन हजर. शेवटी मायने तेल ठेवून घेतलं. आमच्या खोलीला खिडकी नव्हती, भरदिवसा दिवा लागायचा. तिने ते तेल दिव्यात ओतलं, बायांना भोवती बसवलं आणि येशूची गोष्ट सांगायला घेतली. वडील कुरकुरले. माय म्हणाली, "आंधारात सांगू काय? तेल दिव्यात गेलं, आता ते कोन्या देवाचं न्हाई." वडिलांची मंडळी जमली ती अशी. कुठल्या अहवालात हे नाही, म्हणून मी सांगते.

आता त्या तरुणाला हवी होती ती माहिती. मिशन म्हणजे मडक्यांची उतरंड होती. सगळ्यात वर गोरा साहेब, सातासमुद्रापलीकडून आलेला, राहायला पुण्याकडे. त्याच्या खाली पाळक, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर वडीलधाऱ्यांनी हात ठेवून दीक्षा दिली ते. ते बहुतेक मद्रासकडचे, इंग्रजी फर्डं बोलणारे. नदीत बुडवून बाप्तिस्मा द्यायचा आणि प्रभुभोजन वाढायचं ते यांच्याच हाताने. त्याखाली आमच्या वडिलांसारखे उपदेशक, जवळपास सगळे नगरचे, तिशीचाळिशीतले, ज्यांना दर वर्षी नव्याने परवानगी घ्यावी लागे. मग मास्तर. मग शहरातून एखाददुसरी बायबल बाई, घरोघरी जाऊन बायकांना वाचून दाखवणारी, आणि ती हटकून विधवा. आमच्या जिल्ह्यात जन्मलेलं माणूस या उतरंडीत एकही नव्हतं. एक होती ती माझी माय, पण ती उपदेशकाची बायको म्हणून त्याच्यातच धरलेली. तिला कोणी मोजत नव्हतं.

वडिलांच्या डोक्यावर हात ठेवायचं दर सभेत निघायचं आणि दर सभेत राहून जायचं. त्यांचं इंग्रजी कमी पडायचं. मराठीत माणसं जोडायची होती आणि परीक्षा इंग्रजीची, यातला विनोद कोणाच्या लक्षात आला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत थंडीतापाने ते गेले, उपदेशकाचे उपदेशकच राहून. माय एकदाच बोलली, "त्यायच्या डोक्यावर हात ठिवायला कोनाला येळच भेटला न्हाई." मला याचा आजही राग येतो, आणि तो मी निवू देत नाही.

त्यानंतर साहेबाचा पाय आमच्याकडे लागला नाही. आधी लढाईमुळे मोटारीला पेट्रोल नव्हतं, मग निजामाच्या राज्यात धामधूम सुरू झाली. येशूच्या येण्याची वाट बघायची आम्हाला सवय होतीच, त्यात साहेबाची भर पडली. मायने कोणाला काही विचारलं नाही. शनिवारी दिवा लावत राहिली. बायांना गोष्टी सांगायची, लेकरांना धुळीत अक्षरं गिरवायला लावायची. कोणी मेलं तर खड्ड्याशी उभी राहून प्रार्थना म्हणायची. तांड्यावरच्या बायांची गोरमाटी बोली शिकली आणि त्यांची गाणी येशूच्या नावाने म्हणायला लागली. बाप्तिस्मा मात्र तिने कोणाला दिला नाही. ज्यांना घ्यायचा होता त्या बाया तिला टुमणं लावायच्या. ती म्हणायची, "थांबा. पूर्णेचं पानी कुठं पळून न्हाई चाललं." नियम तिला पाठ होते. नियम करणाऱ्यांना ती पाठ नव्हती.

पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, आणि हिंगोलीला जुन्या छावणीतल्या एका बंगल्याच्या आवारात मिशनची सभा भरली. माय मला घेऊन गेली. गेल्या गेल्या तिला भाकऱ्यांकडे लावलं, कारण उपदेशकांच्या बायका तिथेच असायच्या. समोर चिंचेखाली साहेब बसला होता. त्याच्या शेजारी हैदराबादचा चिटणीस उभा राहून एकेका गावाचं नाव पुकारत होता. नाव पुकारलं की तिथला माणूस उठून उभा राहायचा, साहेब मान हलवायचा. चिटणिसाला मराठी बेताची, तो आपला हिंदुस्तानीत चालला होता. आमच्या गावाचं नाव आलं. कोणी उठलं नाही. चिटणीस म्हणाला, "ये जगा खाली है."

त्याच्या बोलीत खाली म्हणजे रिकामी. निजामाच्या राज्यात जन्म काढलेल्या मायला ते काय कळत नव्हतं होय? बराबर कळलं. ती पिठाच्या हातांनीच उठली आणि तिथूनच बोलली, "खाली? खाली कसं म्हनता साहेब? आमचं गाव तर वर हाय, टेकडावर."

सभा खो खो हसली. साहेबालासुद्धा कोणीतरी समजावून सांगितलं, तोही हसला. चिटणीस तेवढा हसला नाही. "बाई, खाली मतलब वहाँ कोई नहीं है."

"कोनी न्हाई? मंग मी कोन व्हय?" आता तिचा आवाज चढला होता. "मालक गेल्यापासून शनवारचा दिवा कोन लावून राहिलं? मढी कोन पुरून राहिलं? काहून म्हनता कोनी न्हाई म्हून?"

आता कोणी हसलं नाही. मी तिच्या पदराला धरून होते, आणि खरं सांगते, इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

साहेब सज्जन होता. त्याने चिटणिसाकरवी तिच्या सेवेचे आभार मानले आणि ठरलेलं सांगितलं. गावात उपदेशक म्हणून पुरुषच लागतो, शिकलेला, परवानगी असलेला. तो नेमला आहे. मिशनच्या घरात आता तो राहील. मायला बोर्डिंगात मुलींकडे बघायचं काम मिळेल, पोटापाण्याची काळजी नको. तो नेमलेला तरुण तिथेच पहिल्या रांगेत बसला होता. मद्रासकडचा, सडपातळ, इस्त्रीचे कपडे. त्याने उठून सगळ्यांना हात जोडले. माय म्हणाली, "बोर्डिंगात दुसरी कोनी पाठवा. मी कामावर हाय." आणि परत भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकऱ्या जरा जाडच झाल्या.

घर सोडावंच लागलं. मिशनचं होतं, त्याला इलाज नव्हता. आमची दोन गाठोडी घेऊन आम्ही तांड्यावर गेलो. तिथल्या नायकाच्या बायकोने गोठ्याची पडवी सारवून ठेवली होती. माय तिला म्हणाली, तुम्हाला आमची तकलीफ होईल. ती म्हणाली, "इतकी वर्सं तेल काय फुकट घातलं व्हय बाई? ऱ्हा."

पहिल्या शनिवारी बाया रीतीप्रमाणे मिशनच्या घराकडेच गेल्या. मायनेच पाठवल्या. "त्यो नवा हाय, त्याचं आइका." वाटी घेऊन गेल्या. त्या तरुणाने तोडक्यामोडक्या मराठीत मूर्तिपूजेवर भाषण केलं आणि एका म्हातारीच्या हातची वाटी घेऊन तेल अंगणात ओतून टाकलं. म्हातारीने रिकामी वाटी पदराला पुसली आणि सगळ्या जणी मागे वळून तडक आमच्या पडवीत येऊन बसल्या. पुढच्या शनिवारी त्याच्याकडे कोणीच गेलं नाही. दार सताड उघडं टाकून तो एकटाच बसला होता, एकट्यानेच गाणं म्हणत होता. मी मुद्दाम त्या वाटेने जाऊन बघून आले. मला बरं वाटलं. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

तिसऱ्या शनिवारी आमची पडवी भरली होती. दिवा लागला होता, माय गोष्टीला सुरुवात करणार, इतक्यात तो दारात आला. पडवी ठेंगणी, त्याला सरळ उभं राहता येईना. इस्त्री मोडली होती. हातात बायबल होतं आणि दुसऱ्या हातात एक वाटी, तेलाने भरलेली. कुठून विकत आणली होती कोण जाणे. म्हातारीने तोंड फिरवलं. सगळ्यांनी मायकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही त्याला सुनावते. मी असते तर हाकलून दिला असता.

मायने वाटी घेतली, तेल दिव्यात ओतलं. मग आपल्या शेजारचं पोतं हाताने झटकून सारखं केलं.

"बस लेकरा," ती म्हणाली. "जागा खाली हाय."

तो हिंगोलीच्या सभेला होता. त्याला कळलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग तो हसला, आणि आमच्यात खाली बसला.